लाकडी नंदीचा खरा बैल करताना: कार्टूनवरून माणसांचा सिनेमा कसा बनतो

तान्ह्या पोळ्याची सकाळ होती. रामटेक तालुक्यातल्या आमच्या गावात आदल्या दिवशी मोठा पोळा होऊन गेला होता. खऱ्या बैलांच्या शिंगांवरचा रंग अजून ताजा होता आणि आता पोरांची पाळी होती. भाचा सपरीत बसून आपल्या लाकडी नंदीच्या गळ्यात बेगडाची माळ बांधत होता. मोबाइल भिंतीला टेकवून ठेवलेला, त्यावर छोटा भीम चालू. पण रोजचा रंगवलेला भीम नव्हे, खरा पोरगा भीम झालेला सिनेमा. बराच वेळ पाहून त्यानं विचारलं, "मामा, हा थोच भीम होय का?"

मी "होय" म्हणालो. त्याला ते पटलं नाही. तो नंदीकडे वळला.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. वर्गात फळ्यावर आठ-दहा रेघांत भीम काढला की मागच्या बाकावरूनही पोरं ओळखतात. मग धोतर नेसलेला, हाडामांसाचा, गुटगुटीत पोरगा समोर आला की तीच पोरं का अडखळतात? हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. त्याचं उत्तर शोधताना मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो भाच्याच्या हातातल्या त्या नंदीचा.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुलांचा पोळा असतो. चाकं लावलेले लाकडी बैल सजवून मुलं घरोघरी नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मागतात. हे बैल आमच्या गावचे वाढईबुवा करतात. त्यांचा नंदी हातात घेऊन नीट पाहा. पाय आखूड, जाड आणि चारही एकसारखे. कान म्हणजे दोन चिपा. डोळा म्हणजे पांढऱ्या गोलात काळा ठिपका. बरगड्या नाहीत, गुडघे नाहीत, खुरांच्या चिरा नाहीत. वशिंड मात्र खऱ्यापेक्षा मोठं, आणि मान किंचित वर उचललेली, जणू आत्ताच कुणीतरी हाक मारली. वाढईबुवांचा हात इतका बसलेला आहे की एकदा मी त्यांना हुबेहूब बैल करायला सुचवलं. ते रंधा न थांबवता म्हणाले, "गुरुजी, पुरा खऱ्यावानी केला तं थो बैल नाही दिसत, मेलेलं जनावर दिसते."

कार्टूनवरून माणसांचा सिनेमा करणाऱ्यांची सगळी अडचण या एका वाक्यात आहे. अशा सिनेमाला 'लाइव्ह अ‍ॅक्शन' म्हणतात. खरे नट, खरी जागा, खरा उजेड, आणि त्यात कागदावर जन्मलेली पात्रं.

कार्टूनमध्ये जे काढलं जात नाही ते काढणाऱ्याच्या विसरण्यामुळे राहून गेलेलं नसतं. चित्रकारानं त्वचेची छिद्रं, हातावरची लव, कपड्याच्या सुरकुत्या, घाम, नखांतली माती हे सगळं मुद्दाम गाळलेलं असतं, आणि जे ठेवलं ते वाढवलेलं असतं. मोठ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या सात-साडेसात पट असते, हे मी वर्गात शिकवतो. लहान मुलांसाठीच्या कार्टूनमध्ये हे माप धाब्यावर बसवलेलं असतं. डोकं मोठं, डोळे मोठे, धड छोटं, कारण भाव डोळ्यांत दिसतात आणि टीव्हीचा पडदा लहान. पाहणाराही ते मान्य करतो. डोळा म्हणजे ठिपका, हे एकदा ठरलं की त्या ठिपक्यात राग, लोभ, लबाडी सगळं दिसायला लागतं. तेच पात्र खऱ्या उजेडात आणलं की हा करार मोडतो. गाळलेली प्रत्येक गोष्ट परत दारात येऊन उभी राहते आणि विचारते, मला आत घेणार की नाही?

एवढं एक सूत्र धरून ठेवलं की असा कोणताही सिनेमा समजायला सोपा जातो. कोणी काय आत घेतलं, काय बाहेर ठेवलं, आणि का.

सगळंच आत घेतलं तर काय होतं, ते मला शेतात कळलं होतं. तुरीच्या वावरात बाबांचा जुना सदरा घालून एक बुजगावणं उभं केलेलं होतं. दिवसा त्याच्या हातावर चिमण्या बसायच्या, आम्ही त्याला दगड मारायचो. एका संध्याकाळी धुऱ्यावरून येताना मला वाटलं, बाबाच उभे आहेत. मी हाक मारली. ओ नाही. सदरा तोच, खांदे तेच, वाकही तोच, पण मान वळेना. त्या क्षणी पोटात जो गोळा उठला तो आजही आठवतो. दिवसाचं बुजगावणं निव्वळ गमतीचं होतं, खरे बाबा तर आपलेच. भीती होती ती या दोघांच्या मधल्या जागेत.

जपानमधले रोबोटशास्त्राचे प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनी १९७० साली याच जागेबद्दल लिहिलं. यंत्र किंवा बाहुली माणसासारखी होत गेली की ती आपल्याला अधिकाधिक आवडत जाते. पण अगदी माणसाजवळ पोचली, आणि थोडंसंच काहीतरी चुकलं, की आवड एकदम कोसळते आणि किळस किंवा भीती येते. या खड्ड्याला त्यांनी दरी म्हटलं. पुढे अ‍ॅनिमेशनवाल्यांनी ही कल्पना उचलून धरली, कारण ही दरी त्यांच्या रोजच्या वाटेवर आहे.

२०१९ साली सॉनिक या निळ्या हेजहॉगच्या, म्हणजे काटेरी अंगाच्या एका छोट्या प्राण्याच्या, सिनेमाची झलक आली तेव्हा हेच झालं. सॉनिक मूळचा व्हिडिओ गेममधला, पण टीव्हीच्या कार्टूनमधूनही मुलांच्या ओळखीचा. गेममध्ये त्याचे डोळे मोठे आणि एकमेकांना चिकटलेले आहेत. सिनेमात त्याला लहान, वेगवेगळे डोळे दिले आणि तोंडात माणसासारखे दात दिले. लोकांनी इतका आरडाओरडा केला की दिग्दर्शक जेफ फाउलर यांनी रूप बदलायचं कबूल केलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये यायचा सिनेमा फेब्रुवारी २०२० मध्ये आला, मोठे डोळे परत घेऊन, आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. त्या दातांत काम म्हणून काही खोट नव्हती. दात आत घ्यायचेच नव्हते.

तीन वाटा

ही दरी टाळायच्या ढोबळमानानं तीन वाटा आहेत.

पहिली वाट म्हणजे माणसालाच कार्टून करायचं. वेश, केस, चाल, बोलण्याची लकब, सगळं उचलायचं, पण चेहरा माणसाचा राहू द्यायचा. अमेरिकेत 'फ्लिंटस्टोन्स' ही अश्मयुगातल्या कुटुंबाची कार्टून मालिका १९६० ते १९६६ चालली. तिच्यावरचा सिनेमा १९९४ साली आला. जॉन गुडमन या भरदार नटानं फ्रेड केला, आणि दगडी घरं, पायांनी पळवायच्या गाड्या हे सगळं खरोखर बांधलं. प्राणी बऱ्याच अंशी जिम हेन्सन यांच्या क्रीचर शॉपनं केलेल्या यांत्रिक बाहुल्या होत्या. आपला छोटा भीमही याच वाटेनं आला. राजीव चिलाका यांची ही मालिका २००८ मध्ये सुरू झाली. दमयानच्या शापाची गोष्ट २०१२ मध्ये त्यांनी आधी कार्टून सिनेमा म्हणून केली, आणि तीच ३१ मे २०२४ रोजी माणसांना घेऊन आणली. यज्ञ भसीन भीम झाला, अनुपम खेर गुरू शंभू झाले, आणि स्कंदी केला आपल्या मकरंद देशपांडे यांनी. वर्षांचा हिशोब करून पाहा. २००८ साली आठ वर्षांचा असलेला प्रेक्षक २०२४ साली चोवीस वर्षांचा झाला. असा सिनेमा एकाच वेळी दोघांसाठी करावा लागतो, आजच्या पोरासाठी आणि कालच्या पोरासाठी. आजचं पोर म्हणतं, मजा येऊ द्या. कालचं पोर म्हणतं, माझ्या भीमाला धक्का लागू देऊ नका.

दुसरी वाट म्हणजे माणसं खरी आणि पात्र संगणकावर घडवलेलं. स्कूबी-डू हा भित्रा, खादाड ग्रेट डेन कुत्रा १९६९ साली टीव्हीवर आला. २००२ च्या सिनेमात त्याचे चारही मित्र खरे नट आहेत, कुत्रा मात्र पूर्ण संगणकातला. मॅथ्यू लिलार्ड या नटानं शॅगीची चाल आणि फाटका आवाज इतका अंगात मुरवला की पुढे कार्टून मालिकेतही शॅगीचा आवाज त्यालाच देण्यात आला. माणूस कार्टूनसारखा झाला, मग कार्टूननं त्याला घरात घेतलं.

या वाटेवरच्या योगी अस्वलाची गोष्ट मला फार आवडते. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा हे दोघं आधी एमजीएम स्टुडिओत 'टॉम अँड जेरी' करायचे. तो १९४० सालापासून थिएटरात दाखवायचा ऐवज होता, पैसा भरपूर होता. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं लागतात, म्हणजे सात मिनिटांच्या गोष्टीला दहा हजारांहून जास्त चौकटी. एमजीएमनं १९५७ मध्ये तो विभाग बंद केला आणि दोघं टीव्हीकडे वळले. तिथे पैसाही कमी आणि वेळही कमी. मग त्यांनी काटकसर शोधली. धड स्थिर ठेवायचं आणि फक्त डोकं किंवा ओठ हलवायचे. पण डोकं वेगळ्या पारदर्शक कागदावर आणि धड वेगळ्या कागदावर असलं की मानेपाशी जोड दिसतो. म्हणून १९५८ मध्ये आलेल्या योगीच्या गळ्यात कॉलर आणि टाय बांधला. जोड कॉलरखाली लपला. २०१० साली योगीचा सिनेमा आला तेव्हा अस्वल संगणकात घडवलेलं होतं, अंगावर एकेक केस, आणि मानेत जोड असण्याचा प्रश्नच नव्हता. तरी कॉलर आणि टाय तसाच राहिला. काढला असता तर ते जंगलातलं कुठलंही अस्वल झालं असतं. गरजेपोटी लावलेलं ठिगळ पन्नास वर्षांत ओळख होऊन बसलं. काय ठेवायचं हे ठरवणारा माणूस किती बारकाईनं पाहणारा असावा लागतो, ते इथे कळतं.

तिसरी वाट धीराची आहे. कार्टूनला कार्टूनच राहू द्यायचं आणि खऱ्या जगात सोडायचं. २०२१ च्या 'टॉम अँड जेरी' सिनेमात हॉटेल खरं, माणसं खरी, पण मांजर-उंदीर रंगवल्यासारखे सपाट. आणि फक्त ते दोघं नाहीत. कबुतरं, हत्ती, मासे, त्या जगातला प्रत्येक प्राणी तसाच. हा नियम एकदा घातला की पाहणारा दहा मिनिटांत तो स्वीकारतो, जसं दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, पुरुषानं लुगडं नेसलं की आपण दुसऱ्या क्षणाला त्याला बाई म्हणून पाहायला लागतो. या वाटेचा मोठा फायदा मारामारीत आहे. टॉमवर इस्त्री पडते, तो पापडासारखा चपटा होतो, झटकून उठतो. आपण हसतो, कारण रेघेला जखम होत नाही. हाच टॉम खऱ्या केसांचा, खऱ्या वजनाचा केला आणि त्याच्यावर इस्त्री टाकली, तर पोरं रडतील. खरेपणा वाढला की वेदनाही खरी होते. म्हणून जिथे गोष्टीचा जीवच आपटाआपटीत आहे, तिथे रेघ सोडू नये असं माझं मत आहे.

आमच्या अंगणातला एक शॉट

आता दुसऱ्या वाटेचं काम प्रत्यक्षात कसं चालतं ते पाहू. समजा, भाच्याचा नंदी जिवंत होतो, अंगणात दोन पावलं चालतो आणि त्याच्या हातातली पुरणपोळी चाटतो, एवढाच शॉट घ्यायचा आहे. पडद्यावर सहा सेकंद.

पहिली अडचण नजरेची. भाच्यासमोर काहीच नाही, तर त्यानं पाहायचं कुठे? नुसतं "तिकडे पाहा" म्हटलं तर नजर हवेत तरंगते आणि पडद्यावर ते ताबडतोब पकडलं जातं. म्हणून बैलाच्या तोंडाच्या उंचीवर काठीला चेंडू लावतात, किंवा एखादा माणूस बैलाचं नुसतं डोकं हातात धरून हलवतो. मग पोराचे डोळे बरोबर त्या अंतरावर थांबतात. त्याच्या हाताला कुणीतरी खरंच ओल्या फडक्यानं स्पर्श करावा लागतो, म्हणजे हात दचकून मागे येतो.

त्यानंतर तोच शॉट कुणालाच न घेता, नुसत्या रिकाम्या अंगणाचा घेतात. चेंडूची काठी किंवा डोकं धरणारा माणूस नंतर चित्रातून पुसायचा असतो. पुसल्यावर मागे भोक पडू नये म्हणून तिथलं तुळशीवृंदावन, सारवण, बाजेचा पाय हे सगळं वेगळं टिपलेलं लागतं.

मग उजेड. आमच्या घरी पितळेचा एक जुना गडवा आहे. घासून अंगणात ठेवला की त्याच्या पोटात सगळं दिसतं. वरचं आभाळ, कवेलूंची कड, दार, आणि त्याच्याकडे पाहणारा मी. उजेड कुठून किती येतो याचा तो नकाशाच असतो. सिनेमावाले नेमकं हेच करतात. नंदी जिथे उभा राहणार तिथे एक चकचकीत गोळा आणि एक राखाडी गोळा धरून फोटो घेतात. चकचकीत गोळ्यात सूर्य, भिंती आणि आभाळ यांची जागा कळते. राखाडी गोळ्यावर सावली किती गडद, किती मऊ, ते कळतं. पुढे संगणकातल्या बैलावर हाच उजेड पाडतात. सारवलेल्या जमिनीवरून वर उसळणारा पिवळसर उजेड बैलाच्या पोटाखाली दिसला नाही, तर बैल अंगणात चिकटवल्यासारखा वाटतो. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण खोट जाणवते.

इथून पुढचं काम खोलीत बसून. कॅमेरा अंगणात कसा हलला ते संगणकाकडून मोजून घेतात, म्हणजे संगणकातला कॅमेराही तसाच हलवता येतो. बैलाचा सांगाडा घडवतात, त्यावर स्नायू, त्यावर कातडी, त्यावर केस. मग चाल. आणि इथे आमच्या गावातला कोणीही शेतकरी त्यांच्यापेक्षा जास्त जाणतो. बैल पाय उचलायच्या आधी वजन दुसऱ्या बाजूला टाकतो, खांदा आधी हलतो, मान चालीला ताल देते. चाक लावलेल्या नंदीला हे काही लागत नव्हतं. जिवंत झाल्याबरोबर त्याच्यावर पाच-सहाशे किलोंचं वजन आलं. खूर टेकला की माती किंचित दबली पाहिजे, थोडी धूळ उडाली पाहिजे, आणि खुराखाली अगदी चिकटून काळी सावली पाहिजे. ती चिकटलेली सावली नसली तर बैल दोन बोटं वर तरंगतो.

शेवटी सगळे थर एकावर एक लावायचे. भाच्याचे विस्कटलेले केस बैलाच्या तोंडापुढे येत असतील तर त्या प्रत्येक केसाची कड चौकटीगणिक कापून घ्यावी लागते. सहा सेकंदांच्या १४४ चौकटी होतात. एवढं सगळं झाल्यावर दिग्दर्शकानं विचारायचा प्रश्न मात्र तोच, जो भाच्यानं विचारला. हा थोच नंदी होय का? रंग उडालेलं वशिंड, एक कान किंचित वाकडा, चाकाच्या जागी खूर आले तरी चालताना होणारी ती खडखड. यातलं काही उरलं असेल तर होय.

मोगली आणि वैनगंगा

आमच्या घरापासून पेंचचं जंगल लांब नाही, आणि जंगलाच्या पलीकडे मध्य प्रदेशातला सिवनी जिल्हा. रुडयार्ड किपलिंगनं १८९४ साली छापलेली मोगलीची गोष्ट याच सिवनीच्या टेकड्यांत घडते, आणि तिच्यात वाहणारी नदी म्हणजे आपली वैनगंगा, जी पुढे भंडारा आणि गडचिरोलीतून जाते. पण आम्हाला मोगली भेटला तो जपानमार्गे. तिथे १९८९-९० साली ५२ भागांची कार्टून मालिका झाली. नव्वदच्या दशकात ती दूरदर्शनवर रविवारी सकाळी हिंदीतून लागायची, गुलजारांचे शब्द आणि विशाल भारद्वाजांची चाल असलेल्या शीर्षकगीतासह. गावात मोजके टीव्ही. वीज गेली की सगळी पोरं ज्याच्या घरी बॅटरीवरचा टीव्ही असेल तिकडे पळायची. शेरखान बोलायला लागला की आम्ही गप्प. तो आवाज नाना पाटेकरांचा होता.

२०१६ साली जॉन फॅव्हरो यांनी मोगलीचा लाइव्ह अ‍ॅक्शन सिनेमा केला. तो जपानी मालिकेवरून केलेला नव्हता. आधार होता डिस्नेचा १९६७ चा कार्टून सिनेमा आणि मूळ पुस्तकं. त्यात प्रमुख पात्रांपैकी खरा फक्त एक, नील सेठी हा पोरगा. आमच्या शेजारचं हे सगळं जंगल लॉस एंजेलिसमधल्या स्टुडिओत उभं राहिलं. निळ्या पडद्यापुढे थोडीशी माती, एखादं खोड, आणि बाकी सगळं संगणकात. लांडग्यांच्या जागी क्रीचर शॉपच्याच बाहुल्या नीलसमोर धरलेल्या असायच्या, म्हणजे त्याला कुणाच्या तरी डोळ्यांत पाहता यावं. या कामाला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं.

खरेपणानं तिथे दोन मजेशीर मागण्या केल्या. पहिली माकडांच्या राजाबद्दल. जुन्या कार्टूनमध्ये राजा लुई ओरांगउटान होता. रंगवलेल्या जंगलात कुणी हरकत घेतली नव्हती. पण झाडं, पानं, चिखल सगळं भारतातलं खरं वाटायला लागल्यावर, भारतात नसलेला प्राणी त्यात कसा बसवायचा? म्हणून त्याला जायगँटोपिथेकस केलं, आशियात फार पूर्वी नामशेष झालेला प्रचंड वानर.

दुसरी मागणी भीतीची. आपल्या सेन्सॉर बोर्डानं या सिनेमाला यूए प्रमाणपत्र दिलं, म्हणजे लहान मुलांनी मोठ्यांसोबत पाहावा. कारण सांगितलं की थ्रीडीमध्ये प्राणी अंगावर झेप घेतल्यासारखे वाटतात. तेव्हा पुष्कळांनी टीका केली, आम्ही तर ही गोष्ट लहानपणी एकट्यानं पाहिली म्हणून. मला तो निर्णय चुकीचा वाटत नाही. रंगवलेला वाघ आणि केस हलणारा, श्वासानं छाती वरखाली होणारा वाघ यांत फरक आहे. जिथे रात्री जागलीला जाणारा माणूस खरोखर वाघाच्या भीतीनं शेकोटी पेटवतो, तिथल्या पोराला तर तो फरक जास्तच कळतो.

गोष्ट लांबवताना

रूपाबद्दल लोक भांडतात, पण माझ्या मते असे सिनेमे जास्त करून गोष्टीत फसतात. टीव्हीचा भाग दहा-बावीस मिनिटांचा. त्यात पात्र बदलत नाही, तीच तर गंमत. स्कूबी दर वेळी घाबरतो, भुताचा मुखवटा दर वेळी निघतो आणि आत माणूसच सापडतो. सिनेमाला मात्र दीड तास चालायचं तर कुणाला तरी काहीतरी गमवावं लागतं. म्हणून स्कूबीच्या सिनेमात सुरुवातीलाच मित्रांची फाटाफूट होते आणि बाकीचा सिनेमा ते परत एकत्र येण्यात जातो. याच्या उलट संकट 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' या कार्टून मालिकेच्या सिनेमावर आलं. तिथे गोष्ट आधीच लांब होती. पहिल्या पर्वाचे वीस भाग २०१० च्या सिनेमात पावणेदोन तासांत कोंबले. मग पात्रांना जगायला वेळच उरला नाही. ती फक्त काय झालं आणि काय होणार ते एकमेकांना सांगत राहतात.

गाळलेली गोष्ट उघड करण्याचा मोह गोष्टीतही होतो. 'इन्स्पेक्टर गॅजेट' या १९८३ च्या मालिकेत खलनायक डॉक्टर क्लॉचा चेहरा कधी दिसतच नाही. खुर्चीच्या पाठीमागून दिसणारा लोखंडी हातमोजा आणि एक घोगरा आवाज, बस. १९९९ च्या सिनेमात चेहरा दाखवला, आणि तो नुसता एक माणूस निघाला. दुसरीकडे 'डोरा'चा २०१९ चा सिनेमा पाहा. कार्टूनमध्ये डोरा पडद्याबाहेर पाहून मुलांना प्रश्न विचारते आणि उत्तरासाठी थांबते. सिनेमात छोटी डोरा जेवताना तसंच करते, आणि तिचे आईवडील गोंधळून पाहतात की ही बोलते कुणाशी. कार्टूनमधली सवय फेकून दिली नाही, खऱ्या घरात ती कशी दिसेल ते प्रेमानं दाखवलं. मोठी झालेली मुलं तिथे हसतात आणि सिनेमा त्यांचा होतो.

खऱ्या पोराला घेऊन काम करण्याची एक बाजू पडद्यावर दिसत नाही. कार्टूनमधला भीम वर्षानुवर्षं तेवढाच राहतो, खरं पोर शूटिंग चालू असतानाच वाढतं. दात पडतो, आवाज फुटायला लागतो, शाळा बुडते. आपल्याकडे २०१७ च्या नियमांप्रमाणे बालकलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि त्याच्या कमाईतला किमान वीस टक्के भाग त्याच्या नावानं बँकेत मुदतठेवीत ठेवावा लागतो. मला हे वाचून बरं वाटलं. चित्राला थकवा नसतो, पोराला असतो.

राहिला आवाज. टीव्हीचं कार्टून अर्धं तर रेडिओच असतं. चित्र काटकसरीचं, म्हणून जीव ओतायचं काम आवाजाकडे. २०१६ च्या मोगलीची हिंदी आवृत्ती करताना बघीराला ओम पुरी, बल्लूला इरफान खान आणि 'का' अजगराला प्रियांका चोप्रा यांचा आवाज घेतला. शेरखानसाठी मात्र परत नाना पाटेकरांनाच बोलावलं. मधे वीसेक वर्षं गेलेली, वाघाचं रूप पार बदललेलं. जपानी रेघांचा वाघ जाऊन जळक्या तोंडाचा, एका डोळ्यानं आंधळा, खराखुरा वाघ आलेला.

हा सिनेमा टीव्हीवर लागला त्या संध्याकाळी आई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. टीव्ही तिला दिसत नव्हता. नव्वदच्या दशकात आम्ही पोरं मोगली पाहायचो तेव्हाही ती अशीच आत असायची, कानानंच पाहायची. शेरखान पाणवठ्यावर आला आणि बोलायला लागला. थापण्याचा आवाज थांबला. आतून आईनं विचारलं, "काय रे, थोच वाघ होय ना हा?"